बसायचं का?

मराठीत दारूचं नाव न घेता दारूचं आमंत्रण देता येतं. ‘संध्याकाळी बसायचं का?’ एवढं विचारलं की पुरे. कशासाठी, कुठे, कोणाबरोबर, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. पंगतीला बसताना आपण पंगतीचं नाव घेतो, पत्त्यांना बसताना पत्त्यांचं. नुसतं ‘बसणं’ मात्र दारूच्या वाट्याला गेलं आहे. व्यसनावर लिहिणाऱ्याने या क्रियापदाकडे नीट पाहायला हवं, असं मला वाटतं. पिणाऱ्याच्या आयुष्यात बाटलीइतकंच मोल त्या बसण्याला असतं. चार ओळखीचे चेहरे, दिवसभराचा शीण, मुकादमाला घातलेल्या शिव्या, कोणाच्या तरी बहिणीच्या लग्नाची काळजी, मध्ये ठेवलेला चकणा. सुरुवातीला दारू त्या बसण्यासाठी असते. मग बसणं दारूसाठी होतं. आणि शेवटी माणूस एकटाच, सकाळी सकाळी, दुकानाच्या कट्ट्याआड उभ्या उभ्या पितो.

तिथवर पोचलेल्या माणसाची दारू सोडवताना आपण त्याच्या हातातली बाटली काढून घेतो. बसायची जागा मात्र देत नाही. या प्रकरणात सांगायचं आहे ते त्या जागेबद्दल.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळकडे निघालं की छावणी मागे पडते आणि पडेगाव लागतं. त्याच्या पुढे मिटमिटा. पडेगाव हे एके काळचं रस्त्याकडेचं गाव आता महापालिकेच्या हद्दीतली भरगच्च वस्ती आहे. रिक्षा-टेम्पो चालवणारे, बांधकामावर जाणारे, छोटी दुकानं थाटलेले, वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे असे लोक इथे राहतात. समजा, यातलाच एक जण. वय पस्तीस. दहा-बारा वर्षांचं पिणं. भावाने आणि मेहुण्याने समजूत घालून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. महिन्याभराने तो परत आला. चेहऱ्यावर तेज आहे, दोन वेळची भूक लागते आहे, हाताची थरथर थांबली आहे. बायकोने दारात ओवाळलं. घरात सगळ्यांना वाटतं, सुटलं एकदाचं.

संध्याकाळचे सात वाजतात. शिफ्ट सुटलेली माणसं परतू लागतात. कोपऱ्यावर अंडा-भुर्जीच्या गाडीचा तवा वाजतो. याच वेळी, याच वासाबरोबर, हजारो वेळा त्याने पहिला घोट घेतलेला आहे. कोणीतरी हाक मारतं, ‘‘अरे, लई दिवसांनी दिसलास! कुठं होतास?’’ हाक मारणारा शत्रू नाही. तो लहानपणापासूनचा मित्र आहे, मुलाच्या आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा काढून आलेला. त्याला ‘नको’ म्हणायचं कसं?

हा क्षण दवाखान्यात घडत नाही. केंद्रात शरीरातली दारू उतरते, औषधं मिळतात, समुपदेशन होतं आणि त्या सगळ्याची गरज असतेच. पण मेंदूने वर्षानुवर्षं जोडून ठेवलेली नाती महिन्याभरात पुसली जात नाहीत. ठरावीक वेळ, वास, रस्त्याचं वळण, पगाराचा दिवस यांतलं काहीही तलफ जागी करतं. तलफ म्हणजे दुबळ्या मनाचा हट्ट नव्हे. मेंदूने शिकलेला तो धडा आहे आणि धडा शिकवणारी जागा समोर उभी असते.

जागेचं बळ किती असतं, याचा एक विलक्षण पुरावा व्हिएतनाम युद्धातून मिळाला. तिथे असताना हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या मोठी होती. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. सुमारे २० टक्के सैनिकांनी, आपल्याला तिथे व्यसन जडलं होतं, असं सांगितलं. पण परतल्यानंतर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम पाच टक्के पुन्हा त्या गर्तेत गेले. त्या काळी हेरॉइन सोडलेले बहुसंख्य लोक पुन्हा तिकडे वळत, म्हणून हा आकडा कोणाला खरा वाटेना. यामागची कारणं एकाहून अधिक असतील. त्यातलं एक सरळ आहे: व्यसन ज्या छावणीत, ज्या सोबत्यांत, ज्या भीतीत जडलं होतं, ते सगळं समुद्रापार राहिलं होतं.

आपल्या पडेगावच्या माणसाचं काही समुद्रापार राहिलेलं नाही. गल्ली तीच, दोस्त तेच, कर्ज तेच. जागा बदलता येत नसेल तर त्याच जागेत दुसरी संगत उभी करावी लागते. ही संगत कशी असावी, याचा शोध योगायोगाने लागला, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन नावाच्या रबर-टायरच्या कारखान्यांच्या गावात, १९३५ साली.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल. दारूने धंदा आणि अब्रू दोन्ही घालवलेला. डिसेंबर १९३४ मध्ये त्याने दारू थांबवली आणि मग झपाटल्यासारखा तो इतर दारुड्यांना सुधारायला निघाला. पाच महिने खपूनही एकही माणूस सुधारला नाही. त्याच्या डॉक्टरांनी, सिल्कवर्थ यांनी, त्याला बजावलं की तू उपदेश फार करतोस, तो थांबव. मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो अ‍ॅक्रनला गेला. काम फसलं, खिसा रिकामा झाला. अनोळखी गावात शनिवारची संध्याकाळ आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. बारमधली कुजबुज त्याला ओढू लागली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की गेल्या पाच महिन्यांत दुसरं कोणी सुधारलं नसलं, तरी आपण स्वतः प्यायलेलो नाही. म्हणजे आत्ता, या क्षणी, आपल्याला वाचवायला दुसरा दारुडा हवा. त्याने गावातल्या चर्चच्या यादीतून फोन फिरवायला सुरुवात केली. एकाकडून दुसऱ्याकडे असं करत नाव मिळालं ते डॉक्टर बॉब स्मिथ यांचं.

डॉ. बॉब हे शल्यचिकित्सक. दारू यकृताचं, मेंदूचं काय करते हे त्यांना बिलपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं आणि त्या ज्ञानाचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, पंधरा मिनिटांपलीकडे थांबणार नाही, असं ठरवून ते भेटायला आले. रात्री अकरा वाजून गेले तरी दोघे बोलत बसले होते. बिलने त्या दिवशी उपदेश केला नाही. बाटल्या कुठे लपवायचो, बायकोला काय थापा मारायचो, सकाळी थरथर थांबवायला काय करायचो, हे सांगत गेला. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला होता, जो दारूबद्दल वाचलेलं नव्हे, सोसलेलं बोलत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो त्यांना वाचवायला आलेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला आला होता.

यानंतर डॉ. बॉब एकदा घसरले. वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पीत राहिले. परत आल्यावर १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा, म्हणजे एए या निनावी मद्यपींच्या संघटनेचा, स्थापनादिन मानला जातो. लवकरच दोघे रुग्णालयात पडलेल्या एका वकिलाच्या खाटेशी जाऊन बसले. दोनाचे तीन झाले. आज सुमारे १८० देशांत एएचे गट आहेत. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास दिल्ली-मुंबईकडून आली आणि आता महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत मराठीतून सभा भरतात.

सभा कसली असते? बहुधा एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चची किंवा समाजमंदिराची खोली. खुर्च्या किंवा सतरंजी. एक जण सभा ‘चेअर’ करतो, पण तो अध्यक्ष नव्हे. पुढच्या वेळी दुसरा असतो. बोलणारा आधी नाव सांगतो आणि मग ‘मी मद्यपी’ एवढंच. आडनाव, जात, हुद्दा काही विचारलं जात नाही. मग तो पाच-दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. याला सगळे ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. सोडून वर्ष झालं की ‘वाढदिवस’ साजरा होतो, आणि पन्नाशीतला माणूस ‘मी तीन वर्षांचा’ असं सांगताना हसत नाही, कारण त्या तीन वर्षांचा हिशेब त्याने एकेका दिवसाने चुकवलेला असतो. नवा माणूस आला की जुन्यांपैकी कोणीतरी त्याला आपला फोन नंबर देतो. या जुन्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. नंबर द्यायचा तो रात्री साडेअकरालाही उचलायचा, अशी ही शब्दाविना दिलेली हमी. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा करा, असं नव्यांना सुचवलं जातं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार दारं उघडी ठेवू नका, हा दुसरा व्यवहारी सल्ला. पगार मिळालेल्या संध्याकाळी उपाशीपोटी, दमून, भांडून घराबाहेर पडलेल्या माणसाकडे पाहिलं की हा सल्ला किती अनुभवातून आला आहे ते कळतं.

सभेच्या शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. बाहेरच्यांची देणगी ही संघटना घेत नाही, राजकारणात पडत नाही, दारूबंदी हवी की नको यावर मत देत नाही. या सोवळेपणामागे इतिहास आहे. १८४० मध्ये अमेरिकेतल्याच बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची अशीच चळवळ सुरू केली होती. ती वणव्यासारखी पसरली, मग राजकारणाच्या आणि दारूबंदीच्या वादांत विखुरली आणि काही वर्षांतच संपली. एएने आपलं काम मुद्दाम एकच ठेवलं.

महाराष्ट्रात ‘आपल्यातला माणूस’ उपचाराच्या केंद्रस्थानी आणण्याचं मोठं काम पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने केलं. ऐंशीच्या दशकात गर्द म्हणजे ब्राउन शुगर शहरांत पसरली, तेव्हा लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. त्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता मनोविकारतज्ज्ञ होत्या. केंद्र त्यांनी उभं केलं, पण ते चालवण्याचं काम हळूहळू बऱ्या झालेल्या पेशंटांच्याच हाती दिलं. याला धाडस लागतं. घरच्यांनी ज्याच्या हाती शंभराची नोटही दिली नसती, त्याच्यावर दुसऱ्या पेशंटाची जबाबदारी टाकायची! आज तिथल्या कार्यकर्त्यांत मोठा भाग पूर्वी स्वतः व्यसनात असलेल्यांचा आहे. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या; त्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. मुंबईत त्याआधीच, १९८१ मध्ये, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं होतं. धर्मगुरू असलेल्या या माणसाने स्वतःचा मद्यपाश लपवला नाही. एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला त्यांनी बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेल्या योगाची जोड दिली.

हे सगळं भावनेला पटतं. पण आकडे काय सांगतात? २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने एएवरच्या २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत दहा हजारांहून अधिक माणसं होती. रुग्णाला एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते. इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांनंतर ३५ टक्के. फरक अचाट नाही. पण ज्या गोष्टीचा खर्च एक खोली आणि चहा एवढाच आहे, ती प्रशिक्षित तज्ज्ञांच्या उपचाराच्या बरोबरीने, किंचित पुढेही उभी राहते, हे लहान नाही. त्याच आकड्यांची दुसरी बाजूही झाकू नये: निम्म्याहून अधिक लोक वर्षभर कोरडे राहू शकले नाहीत. घसरण हा या आजाराचा भाग आहे.

दुसरा निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. मारिया पॅगानो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीतल्या नोंदी नव्याने तपासल्या. उपचारांदरम्यान जे दुसऱ्या मद्यपीला मदत करत होते, त्यांतले ४० टक्के पुढचं वर्षभर प्यायले नाहीत. जे मदत करत नव्हते त्यांच्यात हे प्रमाण २२ टक्के. अर्थात, ज्याला आधीच बरं वाटतं तोच मदतीला धावतो, अशी शंका घेता येते. तरीही अ‍ॅक्रनच्या हॉटेलात बिलला उमगलेलंच हे. स्पॉन्सर रात्री फोन उचलतो तेव्हा दोन माणसांची रात्र निभावते.

मराठी मुलखाच्या शेजारी, गोव्यातही, एक महत्त्वाचा प्रयोग झाला. ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं थोडं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला बसवलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं घातक पातळीखाली आलं होतं, नेहमीचीच काळजी मिळालेल्यांच्यात २६ टक्क्यांचं. हे समुपदेशक पूर्वीचे मद्यपी नव्हते, त्यामुळे हा प्रयोग आपल्या विषयाच्या शेजारचा. पूर्णपणे व्यसनाधीन झालेल्यांवर असंच करून पाहिलं तेव्हा एवढं स्पष्ट यश दिसलं नाही. कोणाला काय पुरतं आणि कुठे अपुरं पडतं, हे त्यातून कळतं.

आणि जिथे सोबत अपुरी पडते ते आधी सांगायला हवं, कारण इथे चूक जिवावर बेतते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, ते बडबडू लागतात, नसलेल्या गोष्टी पाहू लागतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. ‘खोलीत कोंडा, उतरेल आपोआप’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांची नशा ‘बटन’ या नावाने पोरासोरांपर्यंत पोचली आहे. मालेगावकडे तशाच गोळ्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. या गोळ्याही अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. त्यांना वास नसतो, त्यामुळे ज्या घरात दारू धर्माने निषिद्ध आहे त्या घरातही आईला काही महिने पत्ता लागत नाही. अशा वेळी पहिली पायरी डॉक्टरांचीच. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयातला मनोविकार विभाग यासाठीच असतो. ग्रुप त्यानंतर, आणि औषधांच्या बरोबरीने. ‘गोळ्या खातोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस’ असं नव्याला ऐकवणारे काही जुने सदस्य भेटतात. ते चुकतात.

सोबतीचा गैरवापरही होतो. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माणूस केंद्र काढतो आणि ‘आम्ही असेच सुधारलो’ म्हणत मारहाण, साखळ्या, उपासमार सुरू करतो, अशा तक्रारी देशभरातून येत राहतात. अनुभव ही पात्रता आहे, परवाना नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि रुग्णाला क्रूर, अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क आहे. केंद्र निवडताना नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, रुग्णाला फोनवर आणि समोरासमोर भेटू देतात का ते विचारा. दारं बंद आणि उत्तरं गोल असतील तर तिथे माणूस ठेवू नका.

एएमध्ये ‘आपल्याहून मोठ्या शक्ती’चा उल्लेख येतो आणि काहींना तो खटकतो. ती शक्ती ज्याने त्याने आपापली ठरवायची असते. कित्येकांसाठी ती शक्ती म्हणजे समोर बसलेला ग्रुपच. मराठी माणसाला मात्र ही कल्पना परकी वाटू नये. पडेगावावरून जाणारा रस्ता ज्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, पोचतो, तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. एकनाथांच्या वारकरी परंपरेत माळ घालण्याची रीत आहे. माळ घातली की दारू-मटण बंद. समाजशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर माळ म्हणजे गळ्यात दिसणारं ‘नको’. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही, त्याला कारण द्यावं लागत नाही, आणि संध्याकाळी बसायला भजनी मंडळ असतं. एकादशीला टाळ घेऊन बसलेल्या कित्येक माणसांनी असंच दारूचं बसणं मागे टाकलेलं आहे.

एक फरक आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. माळकरी घसरला तर तो माळ खुंटीला लावतो आणि लाजेने मंडळाकडे फिरकत नाही. ज्या दिवशी सोबतीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ती तुटते. एएच्या सभेत घसरलेल्या माणसाची खुर्ची तशीच असते. तो येतो, ‘स्लिप झाली’ म्हणतो, आणि तिथून पुन्हा पहिला दिवस मोजला जातो. कोणी चेहरा पाडत नाही, कारण समोरच्या अर्ध्या लोकांनी हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असतं. ही रीत भजनी मंडळांनी घेतली तर किती घरं सावरतील!

घरच्यांचं काय? बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ हा नातेवाइकांचा गट सुरू केला, कारण नवऱ्यांच्या सभा संपेपर्यंत बाहेर थांबलेल्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. मुक्तांगणमध्ये पेशंटांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याचे खिसे तपासणं, दुकानदाराला हात जोडणं, सासरी खोटं बोलणं, मुलांना दुसऱ्या खोलीत नेणं, ही सगळी कामं बाईने एकटीने केलेली असतात. दुसऱ्या बाईच्या तोंडून तेच ऐकलं की पहिल्यांदा तिला कळतं, यात माझी चूक नव्हती. स्वतः व्यसनात सापडलेल्या बाईची अडचण आणखी वेगळी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाऊन ‘मी मद्यपी’ म्हणणं आपल्याकडे तिला जवळजवळ अशक्य आहे. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला तो याच जाणिवेतून. असे विभाग बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आता पुन्हा पडेगावच्या त्या संध्याकाळी सातच्या क्षणाकडे येऊ. तो माणूस एकटा नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो; दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. एवढे मनोविकारतज्ज्ञ उद्या काय, वीस वर्षांतही तयार होणार नाहीत. उरतात ती दारू सोडलेली माणसं. सरकारनेही हे ओळखलं आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात वस्तीतल्याच प्रशिक्षित तरुणांनी चालवायचे कार्यक्रम आहेत. पण कार्यक्रम येईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

अशा ग्रुपच्या अडचणी अगदी जमिनीवरच्या आहेत. शहराच्या मध्यभागी भरणारी सभा पडेगावच्या माणसाला दोन रिक्षा बदलून गाठावी लागते. दुसऱ्या शिफ्टवाल्याला संध्याकाळची वेळ जमतच नाही. त्याला सकाळी अकराची सभा हवी. आणि नाव गुप्त राहण्याची हमी देणाऱ्या संघटनेला अशा वस्तीत भेडसावणारा प्रश्न म्हणजे इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही की हा माणूस रोज रात्री चौकात पडायचा तेव्हा त्याला लाज वाटेल, याची काळजी कोणी केली नाही. तो ग्रुपला जाताना दिसला की मात्र चार जण विचारतात, ‘‘कशाला जातोस रे तिकडं? वेडा झालास का?’’ असं विचारणं आपण बंद करू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत. लग्नात, हळदीत, कंपनीच्या पार्टीत कोणी ‘नको’ म्हणालं तर ते पहिल्याच ‘नको’ला मान्य करणं, हेही.

घरात कोणी अडकलेलं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा. डॉक्टर, केंद्र, जवळची सेवा यांची विचारपूस तिथून सुरू करा.

आणि तुमच्याकडे जर एखादी रिकामी खोली असेल, शाळेचा वर्ग, मंदिरामागची ओवरी, दर्ग्याशेजारचा हॉल, क्लासेसची जागा, तर आठवड्यातून दीड तास ती द्या. दिव्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय असावी. दार मुख्य चौकाकडे तोंड करून नसेल तर उत्तम. आत कोण येतं, काय बोलतं, हे विचारू नका. सभेनंतर ते तुम्हाला थोडं भाडं देऊ करतील. ते नाकारू नका. आपला खर्च आपण भागवायचा, हा त्यांचा नियम आहे.